जपून वापर

९ सप्टेंबर, मंगळवार

कंपनी बंद झाली त्या दिवशी स्टोअरमधलं एक कोरं इश्यू रजिस्टर मी घरी आणलं. चोरी म्हणायची तर चोरी. आजपासून त्यातच लिहायचं ठरवलंय. अठरा वर्षं संध्याकाळी नोंद केल्याशिवाय मी घरी गेलो नाही. कोणता पाना कोणी नेला, कधी परत दिला, कोणत्या स्थितीत दिला. आता ते पाने नाहीत आणि हत्यारं द्यायची ती खिडकीही नाही, पण पाच वाजले की हात पेन शोधतो.

तर आजची नोंद. गुंडू आणि मी फुलेवाडीत दुचाकीचं गॅरेज काढतोय. नाक्याच्या अलीकडचा पत्र्याचा गाळा ठरला. गुंडू शिरोलीला आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होता. नुसता कान देऊन इंजिनाचं दुखणं सांगतो. मी हत्यारांच्या खिडकीत बसायचो. मला प्रत्येक पान्याचं माप तोंडपाठ आहे, पण कुणाचा जीव ज्यावर आहे असा एकही नट मी आजवर आवळलेला नाही. वर्षाराणी, म्हणजे आमची मंडळी, सकाळी म्हणाली, "भांड्याकुंड्यांची यादी करायला येती म्हंजे सैपाक येतोय व्हय?"

मला भीती वाटते. हे इथं लिहून टाकतो, कारण दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. आमच्या गॅरेजातून गाडी जाणार, तिच्यावर कुणाचं तरी लेकरू मागं बसणार, आणि एखादा नट ढिला राहिला तर? रोज सकाळी हा विचार येतो आणि पोटात गोळा येतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

हत्यारं घ्यायला लक्ष्मीपुरीत रुद्राप्पांच्या दुकानात गेलो. गुंडूही होता. पितृपंधरवडा चालू असल्यामुळं दुकानात चिटपाखरू नव्हतं. रुद्राप्पा संकेश्वरकडचे, सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे. कंपनीची किरकोळ खरेदी त्यांच्याकडेच असायची, म्हणून ओळख जुनी; मला ते कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात.

आमच्याकडं हत्यारांसाठी पंचवीस हजार आहेत, त्याच्यावर एक रुपया नाही. काउंटरवर लाल प्लॅस्टिकची सुटकेस उघडी होती. एकशे आठ नग, सगळे आरशासारखे चकचकीत, आणि किंमत आमच्या निम्म्यात बसणारी. माझं मन बसलंच होतं. रुद्राप्पा म्हणाले, "नग मोजू नको, तम्मा. ह्यातलं आट-धा तुज्या हातात ऱ्हानार. बाकीचं पेटीत झोपनार. त्या आट-धांचं काय ते बघ."

मग त्यांनी एक कोरा बोल्ट ठेवला, सुटकेसमधला सतराचा पाना त्यावर चढवला आणि म्हणाले, हलव. पाना डुगडुगला. नंतर साधा, राखाडी, घडवलेला पाना चढवला. तो जागच्या जागी बसला. "चमक धुतल्यावर जाती. ही फट काय जात न्हाई. उलट वाढती."

त्यांचा हिशेब सरळ होता. ज्यावर जोर लावायचा ते चांगलं घ्यायचं, ज्यानं ठोकायचं ते कसलंही चालतं. त्याप्रमाणं आठपासून एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, सहा कोनांच्या गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट, त्या फिरवायला एक रॅचेट, तीन स्क्रू ड्रायव्हर आणि एक पक्कड चांगल्यातली घेतली. बारा कोनांची गोटी स्वस्त होती, पण ती नटाचे कान, म्हणजे कोपरे, खाते म्हणून ठेवली. हातोडी, छन्नी, ट्रे, तेलाची कुपी हे सगळं जुन्या बाजारातून आणायचं. उरलेल्या पैशात टॉर्क रेंच बसत होता. नेमून दिलेल्या जोराला नट पोचला की तो टक् असा आवाज देतो.

"कशाला?" गुंडू म्हणाला. "माजा हात हाय की टॉर्कला."

मी त्याच्या हाताकडं बघितलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्ध्यातच संपतात. मी बघितलेलं त्यानं बघितलं. टॉर्क रेंच घेतला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मी प्रत्येक पाना गुंडूला देत होतो आणि तो त्याच्या तोंडावरून आतून अंगठा फिरवत होता. दुकानात ते ठीक आहे. पण परवा घरी चहाला आला तेव्हा मी जुना पाना दिला, त्यावरही त्यानं तसाच अंगठा फिरवला. इतरांच्या हातून तो हत्यार सहज घेतो. असेल एखाद्याची सवय.

पंधरवडा म्हणून रुद्राप्पांनी भाव पाडून दिला, आणि पंधरवडा म्हणूनच वर्षाराणीनं ही हत्यारं घरात घेऊ दिली नाहीत. घटस्थापनेपर्यंत ती रुद्राप्पांच्या दुकानातच राहतील.

१४ सप्टेंबर, रविवार

आज हे लिहितो, नाहीतर हे रजिस्टरही त्या रजिस्टरासारखं खोटं होईल.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडं चोवीस-सत्तावीसचा एक पाना होता. तोंड पसरलेला. नवा मागवा म्हणून मी दोनदा लिहून दिलं, मंजुरी आली नाही. तो बाजूला काढून ठेवायला हवा होता, मी खुंटीलाच ठेवला. एके दिवशी पाळी सुटायच्या आधी गुंडू खिडकीशी आला. बाकीचे पाने बाहेर गेले होते. मी तो दिला. देताना म्हणालो, "जपून वापर." रजिस्टरात स्थितीच्या रकान्यात लिहिलं, चांगली.

दहा मिनिटांनी आरडाओरडा ऐकू आला. पाना सटकला आणि हात पुलीत गेला.

गुंडूला पान्याचं माहीत नाही. घामानं हात सटकला असं त्यानंच साहेबांना सांगितलं. साहेबांनी तेच लिहून घेतलं आणि मीही ते खरं मानल्यासारखा वागत आलो. तो मला भागीदार करून घेतो, माझ्या घरी जेवतो, आणि मी त्याच्या बोटांकडं बघतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. गाळा उघडला. हत्यारं फळीवर टांगली, प्रत्येकाच्या मागं खडूनं त्याची आकृती काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही दिसेल. गुंडू हसला. "स्टोअर उगडलंयस मर्दा."

कामाची पद्धत मी ठरवली. गुंडूनं आवळायचं, मग मी टॉर्क रेंच लावायचा, टक् वाजलं की नटावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका असल्याशिवाय गाडी गाळ्याबाहेर जाणार नाही. रंगाचं पेन महाग मिळत होतं म्हणून वर्षाराणीचं नेलपेंट आणलं. ती म्हणाली, "लग्नात घ्या म्हटलं तवा घेतलं न्हाईसा, आता स्कूटरच्या नखाला लावताय."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवसांत अकरा गाड्या. आज एका जुन्या मोटारसायकलचा नट दुसऱ्या कुणीतरी गोल करून ठेवला होता. आमची सहा कोनांची गोटी ठोकून बसवली आणि निघाला. रुद्राप्पांचे पैसे वसूल.

पण भीती गेलेली नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन वळणाआड गेलं की मी फळीपाशी येऊन पुन्हा आठवतो, टक् ऐकलं होतं का. कधीकधी ऐकलेलं आठवत नाही. मग ठिपका आठवतो आणि हायसं वाटतं. ठिपका दिलाय म्हणजे टक् वाजलंच असणार. या ठिपक्यानं मला फार आधार दिलाय.

३० सप्टेंबर, मंगळवार

राजनंदिनीबाईंची स्कूटर आली. पलीकडच्या शाळेत शिकवतात, मुलगी चौथीत आहे. पुढचा ब्रेक धरत नाही. दसऱ्याला मुलीला घेऊन माहेरी गगनबावड्याला जायचंय, म्हणजे पंचावन्न किलोमीटर, त्यात शेवटी घाटाकडची वळणं. वडील बाळासो खाडे, एसटी स्टँडच्या मागं घर, सगळं त्यांनी आपणहून सांगितलं.

गुंडूनं नवे ब्रेक शू घातले, चाक चढवलं आणि तेवढ्यात लाइट गेली. उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, आणि पूजेसाठी ती आजच धुऊन ठेवायला हवी होती. गुंडू म्हणाला, "चाकाचा नट नुस्ता हातानं फिरवून ठेवलाय. अंधारात टॉर्कचा आकडा दिसत न्हाई, परवा सकाळी आवळू." मी बाईंना परवा नऊ वाजता या असं सांगितलं. उरलेल्या उजेडात सगळे पाने डिझेलनं धुतले.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. गाळ्यात पाट मांडून हत्यारं ओळीनं ठेवली. झेंडूच्या माळा, नारळ. वर्षाराणीनं कुंकू पाण्यात कालवलं आणि एकही वस्तू सोडली नाही. पाने, गोट्या, हातोडी, हवेचा पंप, माझं स्टूल. म्हणाली, "गिऱ्हाइकाची लक्ष्मी हाय, तिला कसं सोडू?" आणि राजनंदिनीबाईंच्या स्कूटरलाही हळदकुंकू लावलं. हँडलला, दिव्याला, दोन्ही चाकांना. वाकून वाकून लावत होती, पाठ धरली तिची.

गुंडू पूजेला आला, नमस्कार केला आणि आईला देवळात न्यायचं म्हणून लगेच गेला. दिवसभर एकही नट न आवळता बसलो. फार दिवसांनी शांत वाटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी साडेसात

दसरा. राजनंदिनीबाई नऊऐवजी पावणेसातलाच आल्या. उन्हाच्या आत पोचायचंय म्हणाल्या. मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्ये, डोक्यात झेंडू. गुंडू अजून यायचाय. मी खाली बसून पुढच्या चाकाचा नट बघितला. लाल ठिपका होता. कधी दिला ते आठवलं नाही, पण ठिपका आहे म्हणजे टक् वाजलंच असणार. ब्रेक दाबून बघितला, छान धरतोय. दिली गाडी. मुलीनं वळणापर्यंत हात हलवला.

आज पहिल्यांदाच गाडी गेल्यावर पोटात गोळा आला नाही. ही नोंद मुद्दाम करतोय.

तोच दिवस, साळवण

हे एका बिलाच्या पाठीवर लिहितोय, नंतर रजिस्टरात चिकटवेन. नुसतं बसवत नाही.

साडेआठला गुंडू आला. म्हणाला, "बाईंची गाडी कुटं हाय?"

"नेली त्यांनी."

"आवळलं कुनी?"

"तूच. ठिपका होता की."

"मी कुटं आवळलंय? मी आत्ता येतोय."

मी फळीकडं बघितलं. सतराच्या गोटीवर लाल ठिपका होता. हातोडीवर होता. स्टुलावर होता. स्टुलाला मी कधी नेलपेंट लावलेलं नाही. नखानं खरवडलं तर कुंकू निघालं.

फोन लावला, लागला नाही. गगनबावड्याच्या बाजूला रेंजचं काही खरं नसतं. गुंडूनं मोटारसायकल काढली, मी पिशवीत रॅचेट, गोटी आणि टॉर्क रेंच टाकून मागं बसलो. बालिंग्याच्या पुलावर माणसं वाकून खाली बघत होती. गुंडूनं गाडी हळू केली. कुणीतरी झेंडूची माळ नदीत सोडत होतं. पुढं कळे गावात विचारलं, पिवळ्या फ्रॉकची पोरगी, स्कूटर. कुणी बघितलेलं नाही. आता साळवणला पाऊस लागलाय. गुंडू पंक्चरवाल्याला विचारायला गेलाय. पंक्चरवाला हातानं पुढं दाखवतोय. म्हणजे इथवर तरी गेल्यात.

देवा, इथवर तरी गेल्यात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घरी आल्यावर लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो.

साळवणपासून गगनबावड्यापर्यंत मी प्रत्येक वळणावर आधी डोळे मिटले आणि मग उघडले. एका ठिकाणी रस्त्याकडेला लाल-पिवळं काहीतरी पडलं होतं. ते झेंडूचं तोरण होतं.

एसटी स्टँडच्या मागं खाडेंचं घर सापडलं. अंगणात स्कूटर उभी होती आणि मुलगी तिच्यावर बसून हॉर्न वाजवत होती. मी तसाच पायरीवर बसलो.

गुंडूनं मुलीला उचलून खाली ठेवलं आणि चाकाशी बसला. नट त्याच्या तीन बोटांनी फिरला. जी तीन धड आहेत, त्यांनी. तो निम्म्याच्या वर सुटून आला होता. राजनंदिनीबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "साळवणच्या पुढं हँडल जरा डुलत होतं. मला वाटलं वारा आहे."

मी पिशवीतून गोटी काढून गुंडूपुढं धरली. त्यानं ती घेतली, आणि एवढ्या घाईतही आतून अंगठा फिरवला. मग आवळलं. मी टॉर्क रेंच लावला. टक्. पुन्हा लावला. टक्. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा गुंडूनं माझं मनगट धरलं.

वाटेत मनात आलं होतं की ब्रेक तपासायला आलो असं सांगावं. दसऱ्याची खास सेवा म्हणावं. शब्द तयार होते. पण अंगणात मुलगी उभी होती. मी म्हणालो, "बाई, नट आवळलेला नव्हता. मी ठिपका बघितला, नट बघितला नाही. ठिपका कुंकवाचा होता. चूक सगळी माझी आहे."

बाईंनी मुलीला जवळ ओढलं. त्यांचे वडील आतून आले, त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाले, "पावणं, सनासुदीचं आलायसा, पोळी खाऊन जावा." बाई माझ्याकडं बघत होत्या. पुढं कामं आहेत असं सांगून आम्ही निघालो. त्यांनी थांबवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परत येताना कळे गावात चहाला थांबलो. पाऊस उघडला होता. गुंडू बशीत चहा ओतत होता. मला वाटलं, एवढं बोललोच आहे तर तेही आजच बोलावं.

"गुंडू, तो चोवीस-सत्तावीसचा पाना..."

"तोंड पसरलं हुतं त्याचं," गुंडू म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"घेताना न्हवतं. घेऊन गेल्यावर डोस्क्यात आलं. तू म्हनालास की, जपून वापर. इतक्या वर्सात त्या खिडकीतनं कवा कुनाला म्हनालतास, जपून वापर म्हणून?"

खरंच, मी कुणालाच कधी म्हणालो नव्हतो.

"मग परत का नाही आणलास?"

"पाळी सुटायला धा मिंटं हुती. म्हटलं, एवढ्यात काय हुतंय." त्यानं चहा संपवला. "साहेबास्नी घाम म्हनून सांगितलं. न्हाईतर तुजी नोकरी गेली असती."

सहा वर्षं मी त्याच्यापासून जे लपवत होतो ते तो माझ्यासाठी लपवत होता. मला रडू आलं आणि मी टपरीवरच रडलो. चहावाला बघत होता. गुंडू म्हणाला, "आज बाईला तोंडावर सांगितलास. ते बरं केलास. पैसे दे चहाचं."

६ ऑक्टोबर, सोमवार

ठिपक्याचा रंग बदलायचा. कुंकू लाल, हळद पिवळी, विभूती पांढरी, बुक्का काळा, अष्टगंध केशरी, गुलाल गुलाबी. शेवटी निळं नेलपेंट आणलं. वर्षाराणी म्हणाली, "निळं कोन लावतंय?" मी म्हणालो, म्हणूनच. त्यावर ती हसली नाही. गुरुवारपासून कुंकवाची वाटी हातात घेतली की ती क्षणभर थांबते. तिची काही चूक नव्हती असं मी तिला दोनदा सांगितलं. तिला ते पटलेलं दिसत नाही.

आणि ठिपका असला तरी गाडी देताना नटाला पुन्हा हात लावायचा. हा नवा नियम.

दुपारी राजनंदिनीबाई आल्या. स्कूटर लावली, मुलगी मागं होती. मला वाटलं भांडायला आल्यात. म्हणाल्या, "मागचा ब्रेकही बघा. आणि नट माझ्यासमोर आवळा." त्या स्टुलावर बसून राहिल्या. मी तीनदा टक् वाजवून दाखवलं. मुलीनं बोटांवर मोजलं. त्या गेल्या तेव्हा पोटात गोळा आला. तो येत राहणार, आणि आता येऊ नये असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी गुंडू एका मोटारसायकलखाली आडवा पडला होता. फक्त हात बाहेर आला, उजवा. "चौदाचा दे."

मी फळीवरून चौदाचा रिंग पाना काढला. देण्याआधी त्याच्या तोंडावरून आतून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी, जसा तो फिरवतो तसा. मग त्याच्या हातावर ठेवला. त्या तीन बोटांनी पाना धरला, हात आत गेला आणि लगेच नट फिरल्याचा आवाज आला. मधे तो थांबला नाही.

चौदाचा रिंग, एक नग, गुंडू. स्थिती चांगली. तपासून दिला.